मुलीच्या नावाने लिहिलेला अर्ज

कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली माझे मेज आहे. गेली सव्वीस वर्षे तेथे बसून मी लोकांचे अर्ज व हरकती लिहीत आलो आहे. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीस बसण्याचा योग आला नाही. तथापि माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला, की तो कोणी लिहिला हे विचारावे लागत नाही, असे अनेक कारकुनांनी मला समक्ष सांगितले आहे. ही बढाई नव्हे. पुढे जे घडले ते समजण्यासाठी माझ्या लेखनाचे वजन ठाऊक असणे आवश्यक आहे.

कोणताही अर्ज मी उघडा सोडत नाही. रेशनकार्डातून नाव कमी करायचे असो, वा भाड्याचा गाळा सोडायचा असो, शेवटी मी एक वाक्य घालतो: ‘सदर बाबीवर अर्जदाराचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही व तशी मागणी अर्जदार कधीही करणार नाही.’ या वाक्याला मी कुलूप म्हणतो. कुलूप लावलेला अर्ज कारकून परत धाडत नाही आणि माणसाचा हेलपाटा वाचतो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही; ती माझी स्वतःची आहे.

माझी मुलगी बारावी झाली आणि तिने शहरातील एका जुन्या महाविद्यालयात बी. ए.ला प्रवेश घेतला. विषय इतिहास. अकरावीच्या सुट्टीत ती मोडी लिपीच्या वर्गाला गेली होती, तेव्हापासून तिला तोच नाद होता. माझ्या मेजावर लोक आजा-पणजाचे मोडीतले कागद घेऊन येत. मला मोडी येत नाही. शनिवारी ती डबा घेऊन आली, की शेजारच्या स्टुलावर बसून, ओळीखाली बोट सरकवीत, ओठांत पुटपुटत तो कागद लावीत असे. एकदा एका म्हातारीला तिने तिच्या सासऱ्याच्या जमिनीच्या चतुःसीमा वाचून दाखवल्या. पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट, उत्तरेस बांध, पश्चिमेस फणसाचे झाड. म्हातारी म्हणाली, “व्हय की गं! त्या झाडाचं गरं खाल्ल्यात म्या.” आणि तिने मुलीचा हात बराच वेळ धरून ठेवला. मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे मी नाकारत नाही. परंतु अभिमान ताटात वाढता येत नाही, असे माझे मत होते.

प्रवेश होऊन आठवडा झाला नसेल, तोच शहराबाहेरच्या एका नव्या महाविद्यालयाचा गुळगुळीत कागद माझ्या हाती पडला. अन्नप्रक्रिया व पॅकेजिंग, तीन वर्षांची विशेष पदवी, नोकरी औद्योगिक वसाहतीत थेट. मी तो घरी नेऊन जेवणाच्या वेळी वाचून दाखवला.

“इतिहास घेऊन काय करणार तू? सांग की,” मी विचारले.

“जुनं कागद वाचणार. ते वाचायला माणसं लागत्यात, पप्पा.”

“बी. ए. झालेली पोरं माझ्या मेजापुढं शिपायाच्या जागेचा अर्ज लिहून घ्यायला उभी असतात. रोज बघतोय मी.”

“मग त्यात बी. ए.चा काय दोष? कचेरीला तुमचीच भाषा लागती, म्हणून येत्यात ती.”

ते उत्तर मला झोंबले. बायको म्हणाली, “शिकू द्या की तिला काय शिकायचंय ते. तुमास्नी न्हाई मिळालं म्हणून…” तिला मी वाक्य पुरे करू दिले नाही.

नव्या महाविद्यालयाला मूळ दाखला हवा होता, सबब जुना प्रवेश रद्द करणे भाग होते. तो अर्ज मी लिहिला. मुलीच्या नावाने, तीन मसुदे करून, चौथा स्वच्छ. ‘अर्जदार स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय’ येथून सुरुवात केली आणि शेवटी कुलूप लावले. तिने तो उभ्यानेच वाचला.

“हे शेवटचं कशाला, पप्पा? दाखला मागायला दोन ओळी बास हायत.”

“अर्ज उघडा सोडायचा नसतो. तुला काय कळतंय त्यातलं?”

“बरं. करतो सही,” ती म्हणाली.

महाविद्यालयातील कारकून अर्ज वाचून म्हणाला, “वा! लिहावं तर असं.” दाखला त्याच दिवशी मिळाला. त्यानंतर चार दिवस चहाच्या गाड्यावर मी हा प्रसंग सांगत होतो.

नव्या ठिकाणी पहिले वर्ष पार पडले. प्रयोगशाळा येणार होती, ती आली नाही. पाकिटे बंद करण्याच्या यंत्रावर मात्र मुलांचा हात बसला. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फलकावर सूचना लागली: पुरेशा विद्यार्थ्यांअभावी अभ्यासक्रम बंद, पहिले वर्ष उत्तीर्ण झालेल्यांस पदविका देण्यात येईल. ते प्रमाणपत्र घेऊन मी स्वतः तिच्यासोबत वसाहतीत फिरलो. एका कारखान्यातील माणसाने ते उलटसुलट पाहून परत दिले.

“पावणं, यंत्रावर बसायला आमच्याकडं आठवीवाल्या बायका हायत. आणि वरच्या जागेला पदवी लागती. ही मधल्यामधीच हाय की.”

एकाच कामाची विद्या ते काम देणारा असेतोवरच विद्या असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. की सांगितले होते, आणि सांगणारी माझीच मुलगी असल्याने मी ऐकले नाही?

“मला परत बी. ए.ला जायचंय,” ती म्हणाली. प्रवेशाची मुदत टळून गेली होती. जुन्या महाविद्यालयाचे प्राचार्य सज्जन होते. विशेष बाब म्हणून समितीपुढे ठेवतो, असे म्हणाले. मी चार पानी अर्ज लिहिला. आजवरचा तो माझा सर्वोत्तम अर्ज असावा. आठ दिवसांनी आम्हां दोघांना बोलावणे आले. त्याच कारकुनाने फाईल उघडली आणि पहिला अर्ज वर काढून ठेवला.

“अर्जनवीस, हे तुमचंच न्हवं?”

समितीत तो वाचला गेला होता. मुलीनेच कधी मागणी करणार नाही असे लिहून दिले आहे, मग कोणत्या आधारे घ्यायचे, असे एका सदस्याने विचारले आणि विषय तेथेच मिटला. प्राचार्यांनी चष्मा काढला. “साधं दोन ओळींचं पत्र असतं तर मी काहीतरी केलं असतं. असं कोण लिहून देतं हो?”

आता ती माझे नाव घेणार, म्हणून मी जमिनीकडे पाहत होतो.

“सही माझी हाय, सर,” ती म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये मी दुसऱ्या एका महाविद्यालयाचा बी. ए.चा कोरा फॉर्म आणून दिला. तो तिने घडी घालून फडताळात, डब्यांखाली अंथरला. तोवर ती कसबा बावड्यात एका फरसाणच्या दुकानात लागली होती. चिवड्याची पाकिटे भरून यंत्राखाली बंद करणे हे तिचे काम. “पॅकेजिंगच की, पप्पा,” असे ती एकदा म्हणाली. कोणी हसले नाही.

गेल्या महिन्यात गगनबावड्याकडचा एक म्हातारा प्लास्टिकच्या पिशवीत मोडीचा कागद घेऊन आला. मुलीची सुट्टी होती आणि ती डबा घेऊन नुकतीच आली होती. मी त्याला म्हणालो, “पोरीला दाखवा, वाचून देईल.”

तिने कागद उलगडला. बोट पहिल्या ओळीखाली गेले, अर्ध्यापर्यंत सरकले. ओठ हलत होते, ते मी पाहिले. मग तिने बोट उचलले आणि कागदाची घडी घातली.

“मला न्हाई येत वाचायला, आजोबा.”

“ह्ये तर येतंय म्हणत हुतं,” म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केले.

“न्हाई येत.”

कालचा रिकामा डबा उचलून ती निघून गेली. मग म्हाताऱ्याने तो कागद माझ्यापुढे धरला.

“निदान वर काय लिवलंय, तेवढं तरी सांगा की.”

मला ते सांगता आले नाही.