सलीमभाईंचं टाईपकास्टिंग

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एका खोलीत रोज बसलं, की ते आपोआप साचतात. आमची खोली नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर. चालू सिस्टिमच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारी एक छोटी स्क्रिप्ट-भाषा आम्ही बनवतो. मी, उमरीचा गोपाळ आणि आमचे वडीलधारे सलीमभाई.

सलीमभाईंची नजर जात चालली होती. गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ती पुरती जायच्या आधी त्यांना भाषेत पॉइंटरचं टाईपकास्टिंग घालायचं होतं आणि ते चालताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

*

गोपाळने विचारलं, हे कास्टिंग कशाला?

"पॉइंटर म्हंजे नुस्ता पत्ता," सलीमभाई म्हणाले. "घरात कोन ऱ्हातं, भाषेला ठाव न्हाई. म्हून ती आकडा दाखवते. आपन सांगायचं, हितं अमका ऱ्हातो. मग नाव दाखवंल."

"आन आपन चुकीचं सांगितलं तर?"

"तर इमानदारीनं चुकीचं दाखवंल!"

*

तसंच झालं. लातूरच्या एका ग्राहकाचा सर्व्हर सारखा अडकायचा. आमच्या मशीनवर कुठल्या पत्त्यावर काय असतं तेच धरून आम्ही कास्ट लिहिला, आणि त्यांची सिस्टिम निघाली जुनी. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावाच्या जागी नुसता कचरा!

गोपाळ म्हणाला, "व्हायरस हाय."

"व्हायरस न्हाई बाबा," सलीमभाई म्हणाले. "भाडेकरू येगळा हाय, आपन भलत्याच नावानं हाका मारून राहिलो!"

*

सलीमभाईंच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी होत गेली. शेवटी जेमतेम चार ओळी मावायच्या. "फंक्शन ह्यात बसलं पायजे," असं फर्मान निघालं; म्हणजे कोडचा एकेक तुकडा चार ओळींत. आमचा कोड किती आखूड, किती सुटसुटीत, अशी बाहेरचे लोक तारीफ करतात. मला ती ऐकवत नाही.

*

गोपाळ एकदा म्हणाला, "भाई, तुमी नुस्तं सांगा, मी टाईप करतो."

"डोळे चाललेत, बोटं न्हाई!" सलीमभाई इतके भडकले की जेवायलाही थांबले नाहीत. संध्याकाळी अर्धापूरची केळी घेऊन आले आणि गोपाळपुढे ठेवली.

"खा. उद्यापास्नं तूच लिही."

*

एका दुपारी लातूरच्या त्याच सर्व्हरवर शेवटची चाचणी लावली. आकड्याच्या जागी प्रोसेसचं नाव आलं, ठसठशीत!

"भाई, बघा!" गोपाळ ओरडला.

सलीमभाईंनी खुर्ची ओढली, तोंड स्क्रीनला लागेल इतकं जवळ नेलं.

"लेका, आधी स्क्रीन तर चालू कर!"

स्क्रीन चालूच होती. गोपाळने माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबून ती बंद केली, पुन्हा चालू केली.

"हां," सलीमभाई म्हणाले. "आता मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

खोलीत आम्ही तिघंच होतो.