घर पडल्यावर या

"घर पडलंय का?" पुनर्वसन ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं.

"नाही. पण सोमवारी पाडणार आहेत. नोटीस आहे."

"मग पडल्यावर या. अहो बाई, माणूस मरायच्या आधी मृत्यूचा दाखला देतात का?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. त्यांच्या हसण्याचं काही नाही, पण माझ्या हसण्याची लाज अजून जात नाही.

येरवड्यात नाल्याकाठी आमची पत्र्याची खोली. आयटीवाल्यांच्या गाड्यांसाठी रस्ता रुंद होणार, त्यात आमची ओळ जाणार. त्याच आयटीवाल्यांच्या तीन घरी मी पोळ्या करते. खोलीच्या बदल्यात सरकारी खोली मिळते, पण मिळेपर्यंत जायचं कुठं? आई लकव्यानं खाटेला खिळलेली. तिला घेऊन फुटपाथवर बसू?

याआधी चार खेटे झाले. मोजणीवाल्यांनी दारावर लाल नंबर टाकला होता. दिवाळीत कामाच्या घरी उरलेला ऑइलपेंट मिळाला, आणि मी हौसेनं दार रंगवलं. नंबर गेला. "नंबरासकट दाराचा फोटो आणा," ऑफिसात म्हणाले. दोन दिवस ब्लेडनं दार खरवडलं. खालून लाल रंग दिसला तेव्हा मी रडले. फोटो नेला. तर आता घर उभं आहे, हा माझा गुन्हा.

मी जागची हलेना, तेव्हा साहेबांनी एक कागद पुढं सरकवला.

"इथं सही करा. मग बघू."

मी सातवी शिकलेय. पण साहेबांसमोर कागद कधी वाचला नव्हता. वाचला तर उर्मटपणा दिसतो, असंच आम्ही धरून चाललो. परवा वाचला. 'मी माझी खोली स्वखुशीने रिकामी करून देत आहे.' बदल्यात खोली देण्याचं एक अक्षर नाही.

मी तो पुन्हा वाचला. मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू जाईल असा.

रांगेतली माझी शेजारीण म्हणाली, "अगं, मी तर कालच अंगठा दिला."

साहेब खेकसले, "बाई, ही शाळा नाही."

"मग सहीही नाही," मी म्हणाले. कागद परत त्यांच्याकडं सरकवला.

सोमवारी मशिन येईल. मला भीती वाटते, खूप वाटते. पण आईची खाट हलणार नाही, आणि मीही नाही. आधी सरकारी खोलीची चावी. माझ्या हातात आणि शेजारणीच्याही. मगच आमच्या भिंतीला हात लावायचा.