दादाचं सुतक

हे मी आजवर टाळलं. कुणी विषय काढला की उठून गोठ्यात जायचो. आता लिहितो.

आमच्या कुलदैवताची जत्रा होती. भावकीची पंगत बसली. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, शेजारीशेजारी बसलो. पत्रावळीवर भात पडला आणि भावकीचे प्रमुख आप्पा समोर उभे राहिले. दंड धरून त्यांनी दादाला उठवलं. मग मला.

"पाटाची पोरं मागच्या पंगतीला."

आई विधवा झाल्यावर पाट लावून वडिलांच्या घरी आली होती. लग्नाच्या बाईची लेकरं पुढे, पाटाच्या बाईची मागे. ही भावकीची रीत. शिवाय दादाबद्दल कुजबुज होती, की आईनं त्याला पहिल्या नवऱ्याकडून पोटातच आणला. साफ खोटं. पाट लागल्यावर दोन पावसाळे गेले, तेव्हा दादा झाला. घरात सगळ्यांना माहीत होतं.

वडील पुढच्याच पंगतीत होते. त्यांनी भात कालवला. वर पाहिलं नाही.

दादा उपाशी घरी गेला. मी मागे बसलो आणि जेवलो.

पुढे माझी सोयरीक जुळत होती. मुलीकडच्यांनी विचारलं, भावकीत तुमची जागा कुठली? आप्पांनी मला देवळात बोलावलं.

"एकाला पुढं घेतो. दोघांना न्हाई. दादा आपल्या रक्ताचा न्हाई म्हण आन् बेलभंडारा उचल."

मी उचलला. हातात बेल आणि हळद धरून देवापुढे सख्ख्या भावाला परका केला. आई पायरीवर बसली होती. तिनं ऐकलं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं मला नावानं हाक मारली नाही.

दादा शिवऱ्याला गेला. हायवेला पंक्चरचं दुकान टाकलं. मी पुढच्या पंगतीत बसू लागलो. दरवर्षी. तिथून उठायची सोय नव्हती. उठलो तर शपथ खोटी. शपथ खोटी तर बायको, पोरं, सगळीच मागे.

मग हे डीएनएचं आलं. भोर-वेल्ह्यातली आमच्या आडनावाची घरं एकाच मूळपुरुषाची का, हे भावकीतल्या पोरांना तपासायचं होतं. पुण्याच्या लॅबमधली मुलगी नळ्या घेऊन आली. नळीत थुंकायचं. देवळाच्या मंडपात रांग लागली. दादाचा मुलगा विलासही टेम्पो घेऊन आला. आप्पांच्या जागी आता त्यांचा मुलगा, तात्या.

"तू कशाला आलास? हे आमच्या आडनावाचं काम हाय."

"माजं बी आडनाव त्येच हाय, तात्या. आधार कार्ड बगा."

"आधार कार्ड सरकार देतं. रक्त न्हाई देत."

लोक हसले. विलास हसला नाही. "म्हणून तर नळी मागतुया."

तात्या माझ्याकडे वळला. "काय वो नाना, तुमीच बेलभंडारा उचलला व्हता न्हवं? सांगा की ह्याला."

माझ्या हातात नळी होती. तोंडात थुंकी नव्हती. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, चिंच आठवा, तोंडाला पाणी सुटेल." परत सगळे हसले.

मी म्हणालो, "घिऊ दे की त्याची बी. काय बिघडतंय?"

मला वाटलं, मोठं धाडस केलं. कसलं धाडस. जे मला ठाऊक होतं, ते मी यंत्रावर ढकललं.

रिपोर्ट आला. विलासचा आणि माझा वंश एकच. तात्याचा लगेच फोन.

"नाना, मशीन चुकतं. तुमी देवापुढं बोललाय. देव खोटा का? गप ऱ्हावा. नातीच्या लग्नाची सुपारी ठरलीय तुमच्या."

मी गप्प राहिलो. तरी एसटीनं शिवऱ्याला गेलो. दादा दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळला होता. मला पाहून म्हणाला, "नळीत थुकलास म्हणं. तवाच तोंडानं बोलला असतास, तर पोराचा हेलपाटा तरी वाचला असता की रं."

मी तोंड उघडलं. सूनबाई चहा घेऊन आली. चहा पिऊन होईपर्यंत दादाचा डोळा लागला. मी थोडा वेळ त्याच्या पायाशी बसलो आणि परतीची गाडी धरली.

पुन्हा जायच्या आत तो गेला. नातीची सुपारी त्याच आठवड्यात होती. तात्यानं निरोप धाडला, भावकीनं सुतक धरायचं कारण नाही.

मी डोकं भादरून घेतलं आणि अंगणात बसलो. सुपारी पुढे ढकलली. तात्या चालत आला.

"कुणाचं सुतक धरलंय?"

"माझ्या भावाचं."

"कुठला भाऊ?"

"सख्खा. शपथ खोटी व्हती. तुमच्या बापानं घातली, म्या घेतली."

नातीच्या सासरचे अजून काही बोललेले नाहीत. न बोलोत. रिपोर्ट जुळला म्हणून दादा माझा झाला, असंही कुणी म्हणू नये. जुळला नसता तरी पानावरून लेकरू उठवायचा हक्क कुणाला नव्हता. येत्या जत्रेत भात वाढण्याआधी हे मी मंडपात उभा राहून सांगणार आहे. मला ओढून बाहेर काढलं तर बाहेरून सांगेन.

शिवऱ्याला जाताना एसटीत मी सारखं घोकत होतो. दादा, मी तुला विकलं, मला माफ करू नकोस, फक्त ऐकून घे. ते त्याला ऐकवलं नाही.