रोशनीची बाबागाडी

"किती छान बसली आहे!" सुनंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्यासोबतच्या बाईंनी फोटोसाठी मोबाइल वर केला.

"बसली नाही," मी म्हणाले. "घसरते आहे."

सगळ्यांनी रोशनीकडे पाहिलं. नव्याकोऱ्या गुलाबी बाबागाडीत ती कमरेतून पुढे सरकत चालली होती. हनुवटी छातीला टेकलेली. पोटावरचा पट्टा काखेपर्यंत वर आलेला. मी तिला उचलून तिच्या आईकडे दिलं.

आमच्या केंद्राचे डॉक्टर सर माझ्याजवळ आले. "मॅडम, कार्यक्रम होऊ द्या. नंतर बोलू."

"नंतर ही गाडी बदलता येणार नाही, सर."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गडचिरोलीत लहान मुलांच्या एका केंद्रात काम करते. ज्या मुलांची मान धरणं, बसणं, रांगणं मागे पडलं आहे, अशी मुलं आमच्याकडे येतात. रोशनी अडीच वर्षांची, धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातली. तिचा टोन कमी आहे. टोन म्हणजे स्नायूंचा स्वतःचा ताण. आपण नुसतं बसलेलो असलो तरी पाठीचे स्नायू कामावर असतात, म्हणून आपण गळून पडत नाही. रोशनीचे तेवढं काम करत नाहीत. कंबर पक्की टेकलेली असली तर ती मान छान धरते. कंबर घसरली की सगळंच घसरतं.

पण खरा प्रश्न बसण्याचा नव्हता, जेवणाचा होता. तिची आई सविता तिला मांडीवर आडवं घेऊन भरवायची. गावात सगळ्याच बाया तशाच भरवतात आणि बाकीच्या मुलांना त्यानं काही होत नाही. रोशनीचा घास मात्र अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायचा. त्यातून न्यूमोनिया. दवाखान्यात भरती, घरी, पुन्हा भरती. शेवटी सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता आणखी एकदा झाला तर तोंडानं भरवणं बंद करावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल.

सवितानं तेव्हा एकच विचारलं होतं. "नळी घातली त चव येईन का तिले?"



नळी टाळायची तर तिला सरळ बसवूनच भरवायला हवं होतं. केंद्रात त्यासाठी लाकडी खुर्च्या आहेत, पण त्या जागच्या हलत नाहीत. मोहाचे दिवस तोंडावर आले होते. या दिवसांत पहाटेपासून अख्खं घर मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला असतं. रोशनीचा बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरी सविता, सासू आणि सासरे. रोशनीनं जेवायचं ते झाडाखालीच. म्हणून चाकांची खुर्ची हवी, म्हणून बाबागाडी.

ही मागणी आम्ही चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या महिला मंडळाकडे केली होती आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. सुनंदाताई त्या मंडळाच्या अध्यक्ष. यजमान वीज केंद्रातून रिटायर झालेले. मला वाटलं, आता त्या रागावणार. त्यांनी सोबतच्या बाईंना मोबाइल खाली ठेवायला सांगितलं, पदर खोचला आणि गाडीसमोर उकिडव्या बसल्या.

"काय चुकलं ते सांगा. मला समजेल असं सांगा."

मी दाखवलं. गाडीची बैठक म्हणजे नुसतं कापड, झोळीसारखं. मधे खड्डा पडतो. शिवाय पाठ मागे रेललेली. बाळ रेललं की आरामात आहे, असं सगळ्यांना वाटतं. तान्ह्या बाळाला आडवंच ठेवायचं असतं, ते ठीक. पण ज्याला बसायचं आहे, त्याची पाठ मागे गेली की कंबर पुढे येते. रातराणी बसमध्ये सीट मागे केली की आपण झोपेत खाली घसरत जातो, तसंच.

"आणि आम्ही रंग बघून घेतली," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "रविवारी चंद्रपूरला येता का? दुकानात सोबत चला. ही बदलूनच घेऊ."

त्या गेल्यावर सर म्हणाले, "नशीबवान आहात. दुसऱ्या कोणी असत्या तर नाराज झाल्या असत्या."

"आणि गाडी आपल्या स्टोअरमध्ये पडली असती."

"तेही खरंच," सर म्हणाले.

रविवारी मी दुकानात गेले ती तांदळाचं पोतं घेऊन. रोशनीच्या वजनाएवढा तांदूळ भरून मधोमध टॉवेलनं आवळून बांधलं होतं, म्हणजे कंबर तयार. दुकानदार शेठ माझ्यामागे रस्त्यापर्यंत बघून आले.

"मॅडम, बाळ कुठी आहे?"

"हे काय."

"हे त तांदूळ आहे!"

"साधा नाही, चिनोर आहे," सुनंदाताई म्हणाल्या. "नीट बसवा, सांडू नका."

प्रत्येक गाडीत पोतं बसवून बघितलं. बहुतेक गाड्यांत ते मधे वाकून झोपलं. जिथं बसलं, ती गाडी आम्ही दुकानाच्या बाजूच्या गल्लीत नेली. तिथं नालीसाठी खोदून ठेवलं होतं, गिट्टी म्हणजे खडी पसरली होती. आमच्या कामाला याहून चांगला रस्ता नाही. दुकानाच्या फरशीवर कोणतीही बाबागाडी लोण्यासारखी चालते. लहान जोडचाकांच्या गाड्या गिट्टीत दोन ढांगांत अडकल्या.

मोठ्या तीन चाकांची एक गाडी सुसाट गेली. "हीच घ्या ना," सुनंदाताई म्हणाल्या.

"एसटीत कशी चढवणार? दर महिन्याला केंद्रात यायचं आहे तिला. ही मिटवली तरी खाटेएवढी राहते."

"कंडक्टर हिचं फुल तिकीट काढन," शेठ म्हणाले. आता त्यांनाही चेव आला होता. ते गोडाऊनमध्ये गेले आणि धूळ झटकत एक मातकट रंगाची गाडी घेऊन आले. "हे मॉडेल कोणी घेत नाई. रंग डल आहे ना."

मध्यम चाकं, पण भरीव रबराची. मिटवली की छत्रीपेक्षा थोडी जाड. पाठ सरळ उभी. पट्टा पाच जागी बांधणारा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक दोन्ही पायांच्या मधून. हा पायांमधला पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. बाळाला खाली घसरू देत नाही तो हाच. लोक नेमका तोच लावत नाहीत. बैठक मात्र हिचीही कापडाचीच होती. ते मला चालणार होतं. फर्निचरवाल्याकडून मापाची प्लायची पाटी कापून घेतली, वर फोम चिकटवला आणि कापडाखाली सरकवला. पोतं ताठ बसलं.

केंद्रात रोशनीला गाडीत बसवलं तेव्हा सविता आधी गाडीला हातच लावेना. मी कंपनीचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, पट्टे बांधायला शिकवले. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळा बसवला. मग घट्ट पेज आणली. चमचा तोंडासमोर, वरून नाही. वरून दिला की मूल मान मागे टाकतं आणि घास चुकतो. रोशनीनं पहिला घास गिळला. आम्ही खोकल्याची वाट बघत थांबलो. खोकला आला नाही. दुसरा, तिसरा. वाटी संपली.

"अजून मागून राह्यली ना हे!" सविता म्हणाली.

जाताना तिनं काढलेलं प्लास्टिक नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खेड्यात प्लास्टिक कशालाही लागतं.

होम व्हिजिट आमच्या कामाचा भाग आहे. केंद्रात शिकवलेलं घरी टिकलं का, ते पाहायचं. सुनंदाताईंनी विचारलं, "मी आले तर चालेल?" मी हो म्हटलं. सकाळी जीपनं पोचलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. सगळे गावाबाहेर मोहाखाली. सविता आणि तिची सासू सोमारीबाई वाकून फुलं वेचत होत्या. सासरे दसरूभाऊ टोपली भरत होते. सावलीत गाडी उभी होती. गाडीत रोशनी.

ती घसरलेली होती. आणि खोकत होती.

गाडीवर प्लास्टिक होतं. बैठकीपासून पाठीपर्यंत, मागून सुतळीनं ताणून बांधलेलं. पायांमधला पट्टा प्लास्टिकच्या आत दबलेला. गुळगुळीत प्लास्टिकवर घामानं ओली झालेली पोर. पट्टा नसता आणि प्लायही नसता तरी इतकी घसरली नसती.

"हे कशाला घातलं?" माझा आवाज चढला होता.

सवितानं सासूकडे पाहिलं. सोमारीबाई म्हणाल्या, "मळन ना, बाई."

"मळू द्या."

"मळली त वापस कशी देऊ?"

मला कळेना. दसरूभाऊंनी टोपली खाली ठेवली. "मागं तिच्या पायाले पट्टे देल्ले होते तुम्ही. लहान झाले त वापस घेतले. आमी धुवून देल्ले होते. हे त मोठी वस्तू आहे. दुसऱ्या लेकराले लागन."

त्यांचं बरोबर होतं. पायाचे स्प्लिंट आम्ही परतीच्या बोलीवरच देतो. या लोकांनी ते घासून, पुसून परत आणले होते. आमच्या केंद्रात येणाऱ्या सगळ्या वस्तूंत ते सर्वात स्वच्छ असतात.

"ही परत द्यायची नाही, भाऊ. ही रोशनीची आहे."

"हाव," दसरूभाऊ म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

'हाव' म्हणजे हो. पण या 'हाव'चा खरा अर्थ इतक्या वर्षांत मला कळतो. ऐकलं, एवढाच. मी सुतळी सोडली, प्लास्टिक काढलं, पट्टे बांधले. पण आमची जीप वळली की ते पुन्हा चढणार, हे मला दिसत होतं. आणि रोशनीच्या छातीत घरघर ऐकू येत होती. अशानं ती या उन्हाळ्यातच भरती झाली असती. मग नळी. मी हुकूम करू शकत होते. पण हुकूम आपण समोर उभे असेपर्यंतच चालतो.

सुनंदाताई मोहाच्या मुळीवर बसल्या होत्या. "भाऊ," त्यांनी विचारलं, "गावात कोणी नवीन मोटरसायकल आणली त काय करता?"

"टीका लावतो. हळद, तांदूळ. नारळ असला त फोडतो."

"मग या गाडीले लावला?"

"नाई."

"काऊन?"

"दुसऱ्याच्या गाडीले कोणी टीका लावते का, बाई?"

"घ्या! म्हणजे गाडी बिनटीक्याची लेकराले घेऊन फिरून राह्यली. मले वाटलं तुमची गाडी, तुम्ही लावाल. म्हणून मी नाई लावला. तुम्हाले वाटलं माझी."

दसरूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. सोमारीबाई गाडीकडे पाहत होत्या. "आज दिवस बरा आहे का?" त्यांनी विचारलं.

दसरूभाऊ म्हणाले, "मोहा पडून राह्यला. बराच आहे."

सविता धावत घरी गेली आणि वाटीत ओली हळद, तांदूळ घेऊन आली. नारळ नव्हता, म्हणून सोमारीबाईंनी ओंजळभर ताजी मोहाची फुलं गाडीपुढे ठेवली. दसरूभाऊंनी पायातल्या चपला काढल्या. हँडलला टीका लावला. मग चाकांना, एकेका चाकाला. मग रोशनीच्या कपाळाला. तांदूळ तिच्या नाकावर पडले, ती हसली. शेवटी त्यांनी पाठीच्या कापडावर अंगठा टेकवला. ओली हळद कापडात पसरली.

"डाग पडला!" सोमारीबाई ओरडल्या.

"पडू दे," दसरूभाऊ म्हणाले. "आपलीच आहे."

सुतळीसकट प्लास्टिक त्यांनी फाडायला घेतलं तेव्हा सोमारीबाईंनी हातातून हिसकावलं. "फाडता काऊन? मोहावर झाकाले होते ना!"

मी त्याच वेळी रोशनीला भरवून घेतलं. सविताचा हात बरोबर पडत होता. घास समोरून, हनुवटी किंचित खाली. शिकवलेलं ती काहीही विसरली नव्हती. परतताना जीपमध्ये सुनंदाताई हिशेबी आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे साधा मिक्सर आला तरी मी कुंकू लावते." मी त्यांचा हात धरला.

पावसाळा भरतीशिवाय गेला. हिवाळाही. सरांनी छाती तपासली आणि नळीचा विषय बंद केला. माझी पुढची व्हिजिट झाली तेव्हा गाडीच्या चाकांना शेण होतं, कापडावर पेज, माती आणि कुठलासा रस्सा. हँडलला सरपणाची मोळी टांगली होती. त्यावर मात्र मी सविताला रागावले. हँडलला वजन टांगलं की गाडी मागे उलटते, मोळी असो नाहीतर भाजीची पिशवी.

"नाई टांगणार," सविता म्हणाली. "पण मॅडम, तिले सांगा ना काही. पेज देली का थुकते. मासोळीच पाहिजे म्हणते."

काटे काढून द्या, एवढंच मी सांगितलं.

बाबागाडी घ्यायची असेल तर बैठक दाबून बघा, पाठ सरळ होते का बघा, पायांमधला पट्टा आहे का बघा आणि गाडी दुकानाबाहेर गिट्टीवर ढकला. एवढं कोणीही फिजिओथेरपिस्ट सांगेल. मी आणखी एक सांगते. महिन्याभरानं गाडी नव्यासारखी दिसत असेल, तर काहीतरी चुकलं आहे.