चिखलात रुतलेली गाडी

"थोडंसं राह्यलं हाये, सर," असं ती म्हणायची आणि चित्रातलं नुकतंच रंगवलेलं चाक सुरीनं खरवडून काढायची.

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये ती आणि तिचे वडील राहत. वडील मूळचे वर्ध्याकडचे, प्लांटमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. स्मरण गेल्यापासून ऑफिसला उशीर झाला म्हणून ते निघून जात. एकदा तर पार लांब, खुर्सीपारला सापडले. तेव्हापासून जाळीच्या दाराला आतून कुलूप असे आणि किल्ली तिच्या गळ्यात. चाळिशी उलटलेली, नोकरी सोडलेली. मी शाळेत ड्रॉइंग शिकवत असे, म्हणून एकदा जिन्यात तिनं विचारलं, "घरात बसल्या बसल्या ऑइल पेंटिंग शिकता येईन का मले?"

मी रविवारी जाऊ लागलो. मी आत आलो की ती आधी कुलूप लावी, मग नमस्कार करी. नकलेसाठी तिनं जुन्या कॅलेंडरवरचं एक विलायती चित्र निवडलं: कापणीची दुपार, ओढ्यात रुतलेली गवताची गाडी, काठावर विसावलेल्या बाया, मागे सोनेरी उजेड. नक्कल करताना पदरचं काही घालायचं नाही, हा माझा नियम तिनं फारच मनावर घेतला. नुसत्या पाण्यावरच्या उजेडात तीन रविवार गेले. अळशीच्या तेलाचा वास जिन्यापर्यंत येई.

एक झालं, वडील शेजारच्या खुर्चीत शांत बसू लागले. त्यांना ते आपलंच शिवार वाटे. दर पाच मिनिटांनी विचारत, "निघाली का गाडी?"

"काढून राहिली ना, बाबा," ती ब्रश न थांबवता म्हणे. मला हसू येई, तिलाही.

चित्र पुरं झालं, तसं तिनं ते ओलंच भिंतीला टांगलं. वडिलांनी पाहिलं, गाडी तिथंच, आणि काढणारं कोणी नाही. ते उठून जाळी गदगदा हलवू लागले. तळहात फाटला. दुसऱ्या दिवशी चित्र पुन्हा स्टँडवर चढलं आणि वडील पुन्हा खुर्चीत बसले. मग ती चाक रंगवी, ओलं आहे तोवर खरवडी, पुन्हा रंगवी. असं वर्षभर. चांगला हात असलेली माणसं एकाच जागी अडकून पडलेली तुम्हीही पाहिली असतील. पुढचं चित्र कधी, हे मी विचारायचं सोडून दिलं.

शेवटी मीच म्हणालो, नियम राहू दे, गाडी काठावर घे. तिनं घेतली, आणि सुरेख घेतली. वडील बराच वेळ बघत राहिले.

"गेली," ते म्हणाले. "आता मले घरी कोण नेईन?"

ते रडू लागले. तिनं माझ्यादेखत गाडी परत पाण्यात उतरवली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात वडील गेले. आता ती नागपूरला भावाकडे असते. रंगांना हात लावत नाही म्हणे. पण जाण्याआधी, तेरवी झाल्यावर, मी तिला स्कूटरवरून गावाबाहेर, अहिवाऱ्याच्या रस्त्याला नेलं होतं. म्हटलं, आता समोरचं बघून काढ. धान कापलेलं शेत, धुळीनं पांढुरक्या झालेल्या बाभळी. स्टँड मांडला, रंग काढले. तासभर ती ब्रश धरून उभी होती.

"सर, यातलं कुठून कुठवर घ्यायचं?" तिनं विचारलं.

मी बोटांची चौकट करून दाखवली. तिनंही केली, पाहिलं, हात खाली घेतले. मग घाईघाईनं ट्यूबांची टोपणं लावू लागली.

"चला सर. बाबा एकटे हायेत."

टोपण लावता लावता तिच्याच लक्षात आलं. ती बांधावर बसली, शेताकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. ऊन उतरलं तरी तशीच बसून होती.