महादेवप्पांचा भाता

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या महादेवप्पांचा डावा हात त्यांच्या ताब्यात नव्हता. मठातल्या भजनात उभा जन्म पेटी वाजवलेली, त्यामुळे उजवा हात सुरांवर पडला की डावा आपोआप भाता मारू लागायचा. पेटीपुरतं हे ठीकच होतं. पण १९७४ साली आबासाहेबांनी आपल्या ऑर्केस्ट्रासाठी मुंबईहून एक जुना इलेक्ट्रिक ऑर्गन आणला आणि त्याच्यामागं महादेवप्पांना उभं केलं, तिथं पंचाईत झाली.

ऑर्गन दिसायला झकास. तांबडाभडक, चार लोखंडी पायांवर उभा, वर रंगीत पट्ट्या. ही बासरीची, ही व्हायोलिनची, ही ट्रंपेटची, असं आबासाहेब ऐटीत सांगायचे. प्रत्यक्षात बासरीची दाबली की ऑर्गनला सर्दी व्हायची आणि ट्रंपेटची दाबली की पडसं वाढायचं. सूर धरला की धरला, ना चढ ना उतार. महादेवप्पांचा मात्र त्याच्यावर जीव जडला. मठात टाळांच्या दणदणाटात त्यांची पेटी कुणाला ऐकूच यायची नाही. हा ऑर्गन भोंग्यातून अख्ख्या गावाला ऐकू जायचा. ही जागा सुटू नये, एवढंच त्यांना वाटे.

शरणम्मा, म्हणजे त्यांची बायको, नाक मुरडायची. "एनरी, अवो, सर्दी झाल्यावर तुमी नाकातनं भजन म्हणताय की, तस्साच वाजतोय त्यो. मुंबैस्नं कशाला आणायचा?"

ऑर्गनला भाता नाही, तरी डावा हात हवेत फडफडायचाच. पहिल्याच कार्यक्रमात लोक पोट धरधरून हसले. आबासाहेबांनी दम भरला, "आप्पा, हात खिशात घाला. परत कुणी हसलं तर माझा मेव्हणा उभा करतो तितं. पुण्याला शिकलाय त्यो."

नातेपुत्याच्या कार्यक्रमात महादेवप्पांनी हात खिशात कोंबला. घामाघूम झाले, पण एक सूर चुकला नाही. तर थोड्या वेळानं मागून ओरडा सुरू झाला, "फसवत्यात! रेकॉर्ड लावलीया! खिशात हात घालून कोण पेटी वाजवतं व्हय?" लोकांनी कार्यक्रम बंद पाडला.

आबासाहेबांनी डोकं लढवलं. लोकांना भाता पाहिजे ना, मग भाता बसवू. आणायचा कुठून, तर महादेवप्पांच्याच पेटीचा! ते का कू करू लागले, तसं आबासाहेबांनी मेव्हण्याचं नाव काढलं. महादेवप्पा मुकाट घरी गेले. पेटी उलटी करून स्क्रू काढताना त्यांना रडू आलं. शरणम्मानं त्या रात्री भाकरी ताटात आदळली.

माढ्याला धोंडीराम पाटलांच्या घरचं लग्न होतं. भाता ऑर्गनच्या पाठीला खिळ्यांनी ठोकलेला, आतल्या तारांशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण डावा हात खुशीत आला आणि मांडवही खूश झाला. "गड्यात दम हाय," म्हणत म्हातारे पुढं सरकले.

आणि वीज गेली. भर दुपारची वेळ, मांडवात ना दिवे ना पंखे, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ऑर्गन आणि भोंगा तेवढे मुके झाले. भाता मात्र चालूच.

"अवो आप्पा," धोंडीराम ओरडले, "जोरात मारा की भाता! जेवला न्हाय का?"

आबासाहेब पांढरेफटक पडले. महादेवप्पांना घरच्या कोपऱ्यातली पेटी आठवली. ती धड आणि इथं असती तर आत्ता मांडव गाजवला असता. त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांनी मान खाली घातली, तोंड मिटलं, भाता दणादणा मारला आणि नाकातून गाणं सुरू केलं. ना चढ ना उतार. तबलजीनं हसू गिळून ठेका धरला. पुढच्या दोन रांगांना ऐकू आलं; मागच्यांनी पुढच्यांवर भरवसा ठेवून माना डोलावल्या.

"आता कसा आला सूर!" धोंडीराम म्हणाले. "मगाशी जरा खरखरत हुता."

परतीच्या वाटेवर मोहोळ मागं पडल्यावर महादेवप्पांनी नाक पुसलं.

"आबासाहेब, भाता मी घरी नेणार. मेव्हण्याला उभा करायचा तर करा. पण त्याला नाकातनं येतंय का, ते आदी बघा."

सोलापुरात उतरल्यावर आबासाहेबांनी पक्कड मागवली आणि स्वतःच्या हातानं खिळे उपसले.