नावाआधीचा ‘डॉ.’

जानेफळच्या स्टँडवर मेहकरची गाडी लागली तेव्हा अब्बा कंडक्टरशी भांडत होते. भांडण गादीचं होतं. मी एम.ए. करायला पुण्याला निघाले होते आणि अब्बांनी माझ्यासाठी नवी गादी भरून, सुतळीनं आवळून तिची वळकटी बांधली होती. कंडक्टर म्हणाला, “चाचा, पुन्यात गाद्या नाई भेटत काय?” अब्बा म्हणाले, “भेटते ना. माह्या हातची भेटते काय?” सगळा स्टँड हसला, कंडक्टरही हसला आणि गादी टपावर चढली.

आम्ही पिंजारी. लोकांचा कापूस पिंजून गाद्या, रजया, उशा भरणं हे आमच्या घराचं काम आणि तेच आमचं आडनाव. अब्बा घरात हिंदी बोलायचे, गावाशी वऱ्हाडी, आणि चिडले की दोन्ही एकदम. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीपाशी आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला म्हणाले, “पोरगी मराठीची प्रोफेसर होऊन राह्यली.” तेव्हा माझा अजून प्रवेशही झाला नव्हता. मग माझ्याकडे न बघता, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ते बोलले, “शिकेल मानसाले कोनी जात-पात इचारत नाई.”

त्या वाक्यावर मी माझं अर्धं आयुष्य काढलं. आज मला त्याचा राग येतो. अब्बांचा नाही येत. त्यांनी ते मनापासून खरं मानलं होतं, म्हणून तर जास्त येतो.

ती वर्षं चांगली होती, हे मात्र खरं. कापसाचं बीटी बियाणं नवंनवं आलं होतं. बोंडं टपोरी यायची, अळी दिसायची नाही आणि गावात लग्नं दणक्यात व्हायची. लग्न म्हटलं की नव्या गाद्या आल्याच. दिवाळीनंतर अब्बांचं पिंजायचं यंत्र सुरू झालं की उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही. आमच्या भाकरीवरसुद्धा कापसाचा तंतू बसलेला असायचा. माझं एम.ए. त्या गाद्यांवर झालं.

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी नाव सांगितलं, चार वाक्यं बोलले, तर खोलीतली मुलगी म्हणाली, “अय्या, तुझं मराठी किती छान आहे गं!” त्याच आठवड्यात मी फोनवर बोलत होते. पलीकडे आमच्या समोरच्या घरातली कौसामावशी होती. थोडी शेती असलेली, बाकीच्या दिवसांत दुसऱ्यांचा कापूस वेचायला जाणारी, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. तिला मी म्हणाले, “हाव, जेवून राह्यली.” तर तीच मुलगी उशीत तोंड खुपसून हसली. म्हणजे जी मराठी माझी नाही असं तिला वाटत होतं तिचं कौतुक, आणि जी खरोखर माझी होती ती मराठीच नव्हे.

वर्गातही तेच. “तुम्हाला मराठीच का घ्यावंसं वाटलं?” हा प्रश्न बाकांवरच्या दुसऱ्या कुणाला कधी विचारला गेला नाही. मी हसून सांगायचे, लहानपणापासून आवड आहे सर. मनात म्हणायचे, एम.ए. होऊ दे, मग बघू. एम.ए. झालं तरी प्रश्न गेला नाही. मग वाटलं, नेट होऊ दे. नेट झाली. मग उरली पीएच.डी. काही लोक ज्ञानासाठी पदवी घेतात म्हणे. मी एक प्रश्न बंद करण्यासाठी एकेक पदवी घेत गेले.

विषय मी हट्टानं घेतला, आमच्या भागातले कापसाच्या कामाचे शब्द. सुट्टी लागली की गावी जायचे आणि बायांबरोबर वेचणीला उभी राहायचे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीतून चालता चालता कौसामावशी बोलायची, मी लिहायचे. डागी, किडक्या कापसाला ‘कवडी’ म्हणायचं, हे तिच्याकडून लिहून घेतलं. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्या ‘सीतादही’ची सगळी रीतही. एवढं सुख मला पुण्यातल्या कुठल्याही ग्रंथालयात मिळालं नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढं सगळा रागच आहे.

माझ्या कामाच्या शेवटच्या टप्प्यात गुलाबी अळी परत आली. वरून बोंड हिरवंगार, आत सगळं खाल्लेलं. त्या हंगामात मी शेतात गेले तर मावशी बांधावर बसली होती.

“काय लिहून राह्यली वं अजून?”

“शब्द, मावशी.”

तिनं एक बोंड तोडलं, अंगठ्यानं फोडलं आणि माझ्यासमोर धरलं. “घे. हे लिही.” आत अळी वळवळत होती. “आता तुले डाक्टर म्हनतीन ना सारे? मंग सांग, हिले काय मारू?”

“मी ती डॉक्टर नाही, मावशी.”

“मंग कायची डाक्टर?”

ती माझ्यावर चिडली होती आणि चिडायचा तिला हक्क होता. या बियाण्याला बोंडअळी लागत नाही हे तिला शिकलेल्या माणसांनीच सांगितलं होतं. गावात येऊन, माईक लावून, नावाआधी ‘डॉ.’ असलेल्या माणसांनी सांगितलं होतं. अळी लागली तेव्हा त्यातला एकही आला नाही. आला तो कुणीतरी धाकटा साहेब, आणि तो मावशीलाच सुनावून गेला, “तुम्ही नीट फवारलं नसेल.” ती वर्षानुवर्षं कापसात राबलेली बाई, तिला! मी तिथं होते. “तुम्ही हे कशावरून म्हणता?” असं मी विचारलं, तर त्यानं मला विचारलं, “तुम्ही ॲग्रीच्या का?” मी मराठीची, म्हटल्यावर तो हसला आणि गाडीत बसला.

मावशीनं उभी पऱ्हाटी उपटून टाकली. पुढच्या वर्षी शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन ती शेगावला गेली, एका लॉजमध्ये चादरी धुवायला. गावातली लग्नं लहान झाली. गाद्या कोणी भरेना. ज्याला हवी तो तालुक्यातून फोमची उचलून आणायचा. अब्बांनी यंत्रावर गोणपाट टाकलं.

आणि अशा वर्षी मी डॉक्टर झाले. अब्बांना कळेना आनंद कुठं ठेवावा. त्यांनी पेंटर बोलावून बंद दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली: ‘डॉ. नसीम पिंजारी यांचे गादी भांडार’. आठवडाभर लोक तापाच्या गोळ्या मागायला येत होते, असं अम्मी सांगायची.

पुण्यात मी भाड्याचं घर शोधत होते. फोनवर “डॉ. पिंजारी बोलतेय” म्हटलं की आवाज मऊ व्हायचे. “या ना मॅडम, डॉक्टर लोकांना आम्ही नाही म्हणतच नाही.” मग करारासाठी पूर्ण नाव विचारायचे. नसीम म्हटलं की घरमालकाचा पुतण्या त्याच दिवशी अमेरिकेहून राहायला येत असे. या पुण्याला किती पुतणे आहेत, देव जाणे.

म्हणून मला परत जायचं होतं. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना वाटतं मी पुण्यात रमले, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना वाटतं परत जायचा विचार कोण करतो. मी केला होता. आमच्याच भागातल्या एका कॉलेजात मराठीची कायम जागा निघाली. नाव लिहीत नाही. मुलाखतीला अब्बा बरोबर आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि बाहेर लिंबाखाली बसले.

आत सगळं छान चाललं होतं. माझ्या प्रबंधावर बोलणं झालं, एका तज्ज्ञांनी चक्क दाद दिली. मग संस्थेचे अध्यक्ष, जे तोवर मोबाइल बघत होते, म्हणाले, “डॉक्टर, तुमचे कागद एक नंबर आहेत. विषय एवढाच, की इथं संतसाहित्य शिकवायचं असतं. अभंग, ओव्या. तुम्हालाच अवघड नको व्हायला.”

“मला कशाचं अवघड होईल, सर?”

“तुम्हाला नाही हो. पण पालक विचारतात.”

“कोणते पालक? नाव सांगा, मी त्यांना जाऊन भेटते.”

अध्यक्षांनी माझी फाइल मिटून टेबलावर सरकवली. मग वातावरण हलकं करायला कोपऱ्यातले एक सदस्य हसत म्हणाले, “काही म्हणा, मराठी मात्र तुम्ही फार छान बोलता.”

हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा गिळलं होतं की त्याची चव उरली नव्हती. पण हे पुणं नव्हतं. इथल्या घराघरांत माझ्या बापानं भरलेल्या गादीवर कोणी ना कोणी झोपत होतं. माझी पुण्यातली भाषा तिथंच गळून पडली.

“मंग कोनती बोलू, साहेब? मी याच मातीत बोलाले शिकली. मले दुसरी येतच नाई. पाहुनी समजून काऊन कौतुक करून राह्यले तुम्ही माह्यं?”

मी फाइल उचलली आणि बाहेर आले. अब्बांना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे बेटा, सब्र कर. आयुष्यभर त्यांनी तेच म्हटलं होतं. त्या दिवशी ते उठले, शर्ट सारखा केला आणि सरळ आत गेले. शिपाई मध्ये आला, त्याला हातानं बाजूला केलं. मी मागे धावले.

अध्यक्ष त्यांना बघून उभेच राहिले. “अरे, गुलाबचाचा! तुम्ही बाहेर कशाला बसले? ही तुमची पोरगी? मंग आधी सांगाचं ना!”

अब्बा दारातच थांबले. “कागदावर नाव होतं ना तिचं,” ते म्हणाले. “त्याच्या आंधी डाक्टर लिहेल होतं. अजून काय सांगाव लागते, साहेब?”

“तसं नाही चाचा, बसा. चहा सांगतो.”

“चहा नाई पेत. तुमच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या भरल्या, तवा पेलो होतो.”

एवढं बोलून ते वळले. आवाज चढला नव्हता. अध्यक्षांना मी डॉक्टर असून चालले नव्हते, आणि गुलाबचाचाची पोरगी म्हणून कदाचित चालले असते, उपकार म्हणून. जागा नंतर दुसऱ्याला गेली. त्याची पीएच.डी. चालू होती म्हणे.

परतताना गाडीत अब्बांनी माझी फाइल स्वतःच्या मांडीवर घेतली. जानेफळ जवळ आलं तेव्हा म्हणाले, “बेटा, वो बात मैंने गलत बोली थी. पढ़े-लिखे को भी पूछते हैं.”

त्या लोकांनी मला नोकरी दिली नाही, ते मी सोसलं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून हे वदवून घेतलं, ते मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पुढं पुण्यातच एका कॉलेजात कायम झाले. आता विद्यार्थी मला पिंजारी मॅडम म्हणतात, मी वर्गात वऱ्हाडी शिकवते आणि हसणाऱ्याला उभं करते. स्टाफरूममधले काही मित्र मला समजावतात, अगं, पदव्यांत काय असतं, ‘डॉ.’ लावणं जरा जुनाट वाटतं, आम्ही तर केव्हाच सोडलं. ज्यांच्या आडनावालाच दार उघडतं त्यांना पदवी सोडून देणं परवडतं. मी सोडणार नाही. लाइटबिलावर लावते, कुरियरवाल्याला सांगते, सोसायटीच्या पाटीवर ठसठशीत लिहून घेतलंय. त्या पदवीनं मला कोणापासून वाचवलं नाही. पण ती मी मिळवली आहे, आणि मी मिळवलेली वस्तू दुसऱ्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणून मी खाली ठेवणार नाही. कौसामावशीचे शब्द माझ्या प्रबंधात, तिच्याच नावानिशी, विद्यापीठाच्या कपाटात उभे आहेत. माझ्यापुरतं पदवीचं मोल तेवढं आहे, आणि ते कमी नाही.

अब्बा पुण्याला येत नाहीत. “पुन्यात मले बोलाले कोन हाय?” म्हणतात. मी सुट्टीत जाते. जाताना शेगावला उतरून मावशीला भेटते. तिचे हात साबणानं पांढरे झालेत. ती अजून मला “कायची डाक्टर” म्हणूनच हाक मारते, आणि तेवढी एक हाक मला चालते.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं. पुण्यात कोणी अपमान केला की मी चिडते, घरी येऊन चहा करते, विसरते. तिथं, मुलाखतीच्या त्या खोलीत झाला तेव्हा मी जळले, आणि अजून जळते आहे. परक्याच्या ओसरीवरून कोणी हाकललं तर माणूस इतकी वर्षं जळत नाही. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर कोणी “आपण कोण?” विचारलं तरच असं होतं.

त्या कॉलेजात यंदा पुन्हा मराठीची जागा निघाली आहे. अध्यक्ष तेच आहेत. मी अर्ज केला आहे.